अर्ध्या तासात होणारं पथ्याचं चिकन सूप: नागपूरकरांनो, मार्ग दाखवा

मीनल_मनीषनगर
नमस्कार मंडळी,
माझे मामाजी (म्हणजे सासरे, पुण्या-मुंबईकडच्यांसाठी आधीच सांगते) वर्ध्याहून महिनाभरासाठी आमच्याकडे आलेत. डेंग्यूतून उठलेत. रिपोर्ट आता चांगले आहेत, पण अंगात त्राण नाही आणि तोंडाला चव नाही. डॉक्टर म्हणाले, तेल-तिखट कमी, बीपी आहे म्हणून मीठ कमी, प्रथिनं भरपूर, चिकन सूप द्यायला हरकत नाही. त्यातला 'चिकन' एवढाच शब्द मामाजींनी ऐकला. तेव्हापासून रोज सकाळी चहाबरोबर विचारणा असते, "आज कोंबडी हाय का?"

मी मिहानमधून सुटते साडेसहाला. सध्या हिवाळी अधिवेशन सुरू आहे, त्यामुळे वर्धा रोडवर काय परिस्थिती असते ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. घरी पोचेपर्यंत साडेसात. मामाजींना साडेआठला ताट लागतं.

काल पहिला प्रयत्न केला. पाव किलो बोनलेस, पाणी, अद्रक-लसूण, कुकरच्या पाच शिट्ट्या, मग सगळं मिक्सरमधून काढलं. रंग राखेसारखा, वास उग्र, आणि चिकनचा भुस्सा तळाशी. मामाजींनी दोन चमचे घेतले आणि वाटी हळूच सरकवून म्हणाले, "दवाखान्यातलं याच्यापेक्षा बरं होतं." दवाखान्यातलं जेवण त्यांनी आठ दिवस शिव्या देत खाल्लं होतं, यावरून काय ते समजा.

पाकिटातलं सूप नको, क्यूब नको, कॉर्नफ्लोअर शक्यतो नको. अर्ध्या तासात व्हावं आणि माणसाने वाटी परत मागावी, एवढीच अपेक्षा.

तर्रीबाज
ताई, सोप्पं हाय. झणझणीत सावजी करा, वरची तर्री आपण घ्या, खालचं पाणी मामाजीले द्या. दोघांचंही पथ्य सांभाळल्या जाते. (दिवा घ्या)

मीनल_मनीषनगर
तर्रीबाजभाऊ, हे त्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, "पोरगं हुशार हाय." आता मलाच त्रास.

कुकरची_शिट्टी
मीनल, तुझं कुठे बिघडलं ते आधी सांगते, कारण हे सगळं मी स्वतः करून बसले आहे.

पहिली गोष्ट, बोनलेस म्हणून दुकानात जे मिळतं ते बहुतेक छातीचं मांस. त्यात चरबी जवळपास नसते, त्यामुळे दोन मिनिटं जास्त झाली की कोरडं पडतं. पाच शिट्ट्यांत त्याचा कापूस होणारच. दुसरं, सूपला चव येते हाडांची आणि सांध्यांची. बोनलेसच्या पाण्याला पाण्याचीच चव. तिसरं, शिजलेलं चिकन मिक्सरमध्ये घातलं की रंग राखाडीच येतो. चिकन हाताने तोडायचं, मिक्सरमध्ये भाज्या घालायच्या.

माझी पद्धत अशी. अर्धा किलो बॉयलर, स्किन काढून, लेग आणि मान-पाठ मागायची. दुकानदाराला 'सूपसाठी' म्हटलं की तो बरोबर देतो, आणि छातीपेक्षा स्वस्त पडतं. गंजात (म्हणजे पातेल्यात) पाणी उकळून त्यात तुकडे दोन मिनिटं टाकायचे. वर करडा फेस येतो. ते पाणी सरळ ओतून द्यायचं. उग्र वास निम्म्याहून जास्त तिथेच जातो. मग कुकरमध्ये हे तुकडे, सव्वा लिटर पाणी, एक कांदा चार फोडी करून, एक गाजर, बोटभर अद्रक ठेचून, सहा-सात लसूण पाकळ्या, दहा-बारा मिरे, तमालपत्राचं एक पान, चिमूटभर हळद, आणि सांभाराच्या काड्या. पानं बाजूला ठेवायची, काड्या दोऱ्याने बांधून आत टाकायच्या. एक शिट्टी मोठ्या आचेवर, मग गॅस बारीक करून आठ मिनिटं. वाफ आपोआप उतरू द्यायची.

गाळून घ्यायचं. चिकन हाडांवरून काढायचं. गाजर आणि कांदा थोड्या पाण्यात मिक्सरमधून काढून परत सूपमध्ये. कॉर्नफ्लोअरशिवाय दाटपणा येतो आणि रंग छान केशरी येतो. एक उकळी, सांभाराची पानं, लिंबू. झालं.

मीठ अगदी शेवटी. चार वाट्यांना अर्धा लहान चमचा पुरतो, कारण लिंबू आणि मिरे मिठाची उणीव झाकतात.

डेक्कन_ते_देवनगर
एक मिनिट. चिकन सूपमध्ये *सांबार* घालायचं? म्हणजे इडलीबरोबरचं? आणि त्याला काड्या कुठून आल्या?

कुकरची_शिट्टी
हाहाहा. भाऊ, आमच्याकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात. किती वर्षं झाली नागपुरात येऊन?

डेक्कन_ते_देवनगर
चार महिने. आता उलगडलं. परवा गोकुळपेठ बाजारात भाजीवाल्या काकू विचारत होत्या, "सांभार देऊ का दहाचा?" मी म्हटलं नको, घरी डाळ भिजवली आहे. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

तर्रीबाज
अबे हा धागा वाचनखुणेत टाकून राहिलो मी. फक्त या एका प्रतिसादासाठी.

अंबाझरीकर
कुकरची_शिट्टी यांची कृती वेळेच्या हिशोबाने उत्तम आहे, पण एक मतभेद नोंदवतो. कुकरमधलं सूप गढूळ होतं. आत जोरात उकळतं, चरबी आणि बारीक कण पाण्यात घुसळले जातात. खरं सूप उघड्या गंजात, थंड पाण्यापासून सुरुवात करून, मंद आचेवर. पाण्याला फक्त हलकेच बुडबुडे आले पाहिजेत, खळखळ उकळी नको. वर येणारा फेस झाऱ्याने काढत राहायचा. पाऊण तासात काचेसारखं नितळ सूप मिळतं.

२९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर गेला होता, आठवतं का? त्या दिवशी सकाळपासून शेगडीवर गंज ठेवला होता. घरातले सगळे त्याच्याभोवतीच बसून होते. सूप प्यायलो की शेकोटी घेतली, अजून ठरलेलं नाही.

कुकरची_शिट्टी
अंबाझरीकर काका, पाऊण तास झाऱ्या घेऊन उभं कोण राहणार? ती साडेसातला घरी येते. तुम्ही निवृत्त आहात हे तुमच्या कृतीतूनच कळतं!

अंबाझरीकर
मान्य. तरी एक तडजोड सुचवतो. कुकरमध्ये कराच, पण शिट्टी होऊ देऊ नका. प्रेशर आलं की लगेच बारीक आच. आणि झाल्यावर शिट्टी उचलून घाईने वाफ काढू नका. आत एकदम खळबळ होते आणि सूप तिथे गढूळ होतं. दहा मिनिटं थांबायचा धीर धरला तर फरक डोळ्यांना दिसतो.

कुकरची_शिट्टी
हे मात्र पटलं. उद्या करून बघते.

कोल्हापुरी_जावई
तुम्ही लोक याला सूप म्हणता आणि डोकं लावता. आमच्या कोल्हापूरकडे हे प्रत्येक मटण-चिकनच्या दिवशी फुकटात मिळतं. त्याला अळणी म्हणतात. रस्सा करायच्या आधी चिकन हळद, आलं-लसूण, कांदा घालून शिजवतात, ते पाणी आधी वाटीत काढून लहान मुलांना, आजारी माणसांना आणि स्वयंपाकघरात लुडबुड करणाऱ्या जावयांना देतात. नाव अळणी असलं तरी किंचित मीठ असतं. मग उरलेल्याचा तांबडा-पांढरा.

मीनलताईंना फायदा असा की एकाच शिजवणीत मामाजींचं सूप होतं आणि बाकी घराचा रस्सा. दोन वेगळे स्वयंपाक कशाला? आणि मामाजींना वाटतं की आपणही रश्श्यातलंच खातोय.

इतवारीची_सून
हे आमच्याकडेही आहे की! आमच्या सासूबाई सावजी करताना मसाला पडायच्या आधी वाटीभर काढून ठेवायच्या. नाव काही नव्हतं, 'लेकरायचं पाणी' म्हणायच्या. त्यात ज्वारीची भाकर कुस्करून देत. माझ्या मुलीचं पहिलं मांसाहारी जेवण तेच. जवसाचं तेल आणि भिवापुरी मिरची तिच्या नशिबात नंतर आली.

तर्रीबाज
नंतर म्हणजे दुसऱ्या वाढदिवसाले ना?

इतवारीची_सून
दीड वर्षाची असताना. तिने स्वतः ओढून घेतलं, आम्ही दिलं नाही.

पथ्यपाणी
आहारशास्त्र शिकले आहे, रोज रुग्णांशी बोलते, म्हणून एक मुद्दा ठासून सांगते. यावर धागाभर कोणी बोललं नाही.

'सूप प्या, ताकद येते' असं आपण म्हणतो आणि पेशंटला वरचं पाणी देऊन चिकन घरातले खातात. ताकद चिकनमध्ये आहे! कच्च्या बोनलेस १०० ग्रॅममध्ये साधारण २० ग्रॅम प्रथिनं असतात. ती शिजवल्यावर पाण्यात फारशी उतरत नाहीत. गाळलेल्या पाण्याच्या एका वाटीत मोजकेच ग्रॅम येतात, आणि तेही बरंचसं जिलेटिन, ज्याने स्नायू भरून यायला फारशी मदत होत नाही. पाण्याचे इतर फायदे आहेत. पोटात द्रव जातो, गरम असल्याने घसा मोकळा होतो, भूक चाळवते. पण प्रथिनं हवी असतील तर वाटीत निदान दोन-तीन मोठे चमचे तोडलेलं चिकन असलंच पाहिजे. चावायला कंटाळा असेल तर बारीक तंतू करून द्या.

आणखी प्रथिनं हवीत तर दोन उपाय. कुकरमध्येच दोन चमचे मसूर डाळ टाका. शिजून विरघळते, दाटपणाही येतो. किंवा शेवटी एक अंडं फेटून उकळत्या सूपमध्ये बारीक धारेने सोडा आणि काट्याने फिरवा. एका मिनिटात रेशमासारखे धागे होतात.

मिठाचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट लहान चमचा, आणि त्यात पापड, लोणचं, बिस्किटं सगळं आलं. क्यूब आणि पाकिटं टाळायचा मीनलचा निर्णय एकदम बरोबर. मात्र किडनीचा त्रास किंवा युरिक ॲसिड वाढलेलं असेल तर 'प्रथिनं भरपूर' हा सल्ला स्वतःहून लावू नका, आपल्या डॉक्टरांना विचारा.

मीनल_मनीषनगर
बापरे. म्हणजे मी गाळून चिकन बाजूला काढलं असतं आणि नवऱ्याला दिलं असतं. त्याची ताकद आधीच जास्त आहे, वापरत नाही हा भाग वेगळा. किडनी-युरिक ॲसिड नॉर्मल आहे, परवाच तपासलंय. धन्यवाद ताई!

गावठी_विचार
बॉयलर खाऊन ताकद येते म्हणणाऱ्यांना नमस्कार. चाळीस दिवसांत दोन किलोची कोंबडी कशी होते? हार्मोनची इंजेक्शनं देतात. पेशंटला गावरानच द्या.

पथ्यपाणी
हार्मोनची गोष्ट मी दर आठवड्याला ऐकते. बॉयलर लवकर वाढते ती निवडक पैदाशीमुळे आणि खाद्यामुळे. पिढ्यान्‌पिढ्या लवकर वजन धरणाऱ्या कोंबड्याच निवडत गेले. हजारो पक्ष्यांना एकेक करून इंजेक्शन देत बसणं कोणत्या पोल्ट्रीवाल्याला परवडेल, सांगा. अँटिबायोटिकचा बेसुमार वापर हा मात्र खरा आणि गंभीर प्रश्न आहे, त्यावर बोलूया.

गावठी_विचार
चवीचं काय?

पथ्यपाणी
चवीत गावरान जिंकते. तिथे वादच नाही.

मंगळवारी_बाजार
गावरानच्या सूपची सर बॉयलरला नाही, पण अर्ध्या तासाचा हिशोब विसरा. वयस्क कोंबडी असली तर सहा-सात शिट्ट्या आणि तरी दातांशी कुस्ती. आमच्या आबांनी एकदा हौसेने गावरान आणली. दोन सिलिंडर संपतील असं वाटलं, कोंबडी काही शिजेना. शेवटी आबा म्हणाले, "हिचं सूप प्या, हिले जाऊ द्या." रविवारी वेळ असेल तेव्हा गावरान, रोजच्याला बॉयलर. आणि तुकडे घेताना बोटाने दाबून बघा, चिकट किंवा वास येणारं असेल तर सरळ परत द्या. ओळख असली तरी लाजू नका.

शाकाहारी_शेजारी
माझा या धाग्याशी संबंध नाही, पण जिन्यात वास येतोय म्हणून आलो. शाकाहाऱ्यांना असं काही?

इतवारीची_सून
शेवग्याच्या शेंगा आणि मूगडाळ. हेच सगळं मसालासामान, चिकन सोडून. शेंगांचा गर काढून घाला. तुमच्या जिन्यात आमच्याकडचा वास येईल याची हमी नाही.

शाकाहारी_शेजारी
वास नको आहे हो, म्हणून तर विचारतोय!

हॉस्टेल_नंबर_३
माझ्याकडे एक इंडक्शन आणि एक गंज आहे. कुकर नाही, मिक्सर नाही, फ्रिज सामायिक आहे म्हणजे नाहीच. जमेल का?

कुकरची_शिट्टी
जमेल. दोनशे ग्रॅम लेगचं बोनलेस घे, बारीक तुकडे कर. चमचाभर तेलात लसूण, अद्रक, कांदा परत. चिकन टाक, तीन मिनिटं परत. तीन वाट्या उकळतं पाणी, किसलेलं गाजर, मूठभर ओट्स. झाकण ठेवून पंधरा मिनिटं. मिरेपूड, मीठ, लिंबू. एक तुकडा तोडून बघ, आत गुलाबी दिसायला नको. उरवू नकोस, तुझा फ्रिज बघता.

हॉस्टेल_नंबर_३
उरायचा प्रश्नच नाही, खोलीत चार जण आहोत. वासाने शेजारच्या खोलीतले पण येतील.

नळाखाली
सगळ्यांनी कृती दिली, पण चिकन धुवायचं कसं ते कोणी सांगितलं नाही. मी हळद-मिठाने तीन पाण्यांनी धुतो.

पथ्यपाणी
नळाच्या धारेखाली कच्चं चिकन धुतलं की शिंतोडे सिंकभर, ओट्यावर आणि शेजारच्या काकडीवर उडतात, आणि त्यांच्याबरोबर जंतूही. जंतू मरतात ते शिजवताना. आपल्याकडे न धुता चालत नाही हे मला माहीत आहे, माझी आईच ऐकत नाही. मग धुवायचंच असेल तर भांड्यात पाणी घेऊन हळूच हलवा, पाणी जपून ओता, आणि मग सिंक, सुरी, पाट, हात साबणाने धुवा. वर सांगितलेल्या उकळत्या पाण्याच्या पद्धतीत धुण्याचं काम तसंही होऊन जातं.

धंतोलीकर
बर्ड फ्लूचं काय? गोरेवाड्याच्या वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या त्यानेच गेले होते ना? तेव्हापासून आमच्या घरी चिकन बंद आहे.

मंगळवारी_बाजार
भाऊ, वाघ कच्चं खातो. तुमच्या घरी कुकर हाय.

पथ्यपाणी
मंगळवारी_बाजार यांनी माझं वाक्य चोरलं. मांस आतपर्यंत ७४ अंशांना पोचलं की हा विषाणू टिकत नाही, आणि सूप तर १०० अंशांना उकळतं. काळजी घ्यायची ती कच्चं चिकन हाताळताना. आपल्या भागात साथीची सूचना निघाली असेल तर प्रशासन सांगेल तसं वागा.

पुस्तकी_किडा
सर्दीवर चिकन सूप हे फक्त आजीचं नाही. बाराव्या शतकातला मायमोनिडीस नावाचा वैद्यही कोंबडीचं सूप सांगायचा. आणि आपल्या चरकसंहितेत मांसरस आहेच. मजा पुढे आहे. १९७८ साली मायामीच्या डॉक्टरांनी लोकांना गरम पाणी, थंड पाणी आणि चिकन सूप देऊन नाकातला शेंबूड किती वेगाने सरकतो ते मोजलं. सूप गरम पाण्याच्या पुढे निघालं, पण अर्ध्या तासात परिणाम ओसरला.

मग २००० साली नेब्रास्काच्या डॉ. रेनार्ड यांनी बायकोच्या आजीच्या कृतीने सूप करून प्रयोगशाळेत तपासलं. सर्दीत सूज वाढवायला धावणाऱ्या पांढऱ्या पेशींची हालचाल त्या सूपने मंदावते असं दिसलं. हे माणसात नाही, काचेच्या भांड्यात. आणि त्यातल्या भाज्यांनीही तोच परिणाम दाखवला, म्हणजे शाकाहारी_शेजारी यांनी निराश होऊ नये.

तर्रीबाज
शेंबडाचा वेग मोजाले डॉक्टर झाले हे लोक. आमच्या सावजीत एक घास खा, वेग काय असते ते दिसते.

धंतोलीकर
जेवता जेवता वाचत होतो. आभार.

मीनल_मनीषनगर
मंडळी, अहवाल द्यायला आले.

काल केलं. चिकन नवऱ्याने सकाळीच आणून ठेवलं होतं. पूर्ण कृती शिट्टीताईंची, अंबाझरीकर काकांची शिट्टी न होऊ देण्याची युक्ती, आणि पथ्यपाणी ताईंची मसूर डाळ. ७.४० ला गॅस पेटवला. उकळतं पाणी ओतून देताना तो फेस बघितला आणि परवा आपण मामाजींना काय पाजलं हे कळलं. ८.०५ ला कुकर बंद. दहा मिनिटं धीर धरायचा होता, सात धरला. ८.२५ ला वाटी ताटात.

एक चूक केली. सांभाराच्या काड्या दोऱ्याने बांधायच्या होत्या, दोरा सापडला नाही, तशाच टाकल्या. गाळताना अर्धी मजा गेली, अर्धा दात-कोरणीचा कार्यक्रम.

मामाजींनी पहिला चमचा घेतला, काही बोलले नाहीत. दुसरा, तिसरा. मग म्हणाले, "यात तं खरंच कोंबडी हाय." वाटी परत मागितली! दुसऱ्या वाटीत मी चिकनचे तंतू जास्त घातले. लिंबाची फोड स्वतः पिळली. मीठ मागितलंच नाही, मलाच आश्चर्य वाटलं.

आता अडचण. उरलेलं डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवलं होतं. आज सकाळी उघडलं तर दह्यासारखं घट्ट झालंय, हलवलं की थरथरतं. खराब झालं का? टाकून देऊ? आई म्हणते टाक.

अंबाझरीकर
अजिबात टाकू नका! अभिनंदन. सांध्यांतल्या कूर्चा शिजून जिलेटिन सुटलं, ते थंडीत असं जमतं. गरम केलं की परत पातळ. वर पांढरा थर असेल तर ती चरबी. ती चमच्याने उचलून टाका, मामाजींचं पथ्य आणखी सोपं होईल. कुकरमध्ये असं जमलं म्हणजे मी हरलो.

कुकरची_शिट्टी
काकांनी लेखी दिलं! याचा स्क्रीनशॉट घेतला आहे.

पथ्यपाणी
जमलं ते चांगलंच. फक्त एवढं बघा, रात्री किती वाजता फ्रिजमध्ये ठेवलं? दोन तासांच्या आत ठेवलं असेल तर दोन दिवस चालेल, पिताना पूर्ण उकळी आणायची. डिसेंबर आहे म्हणून रात्रभर ओट्यावर ठेवायची सवय लावू नका. काही जंतूंचं विष परत उकळूनही जात नाही. मे महिन्यात तर एक तासही नको.

मीनल_मनीषनगर
साडेनऊला ठेवलं होतं, म्हणजे बरोबर. वरची चरबी काढली, डबाभर जेली आहे. वाचलं बिचारं.

डेक्कन_ते_देवनगर
मीही केलं काल. दोरा होता माझ्याकडे. आणि भाजीवाल्या काकूंना जाऊन म्हटलं, "दहाचा सांभार द्या." त्या म्हणाल्या, "डाळ झाली का भिजवून?"

तर्रीबाज
ताई, मामाजीचं पथ्य कधी संपते?

मीनल_मनीषनगर
डॉक्टर म्हणाले आणखी पंधरा दिवस. का?

तर्रीबाज
सोळाव्या दिवशी मले कळवा. मी येतो मामाजीले घ्यायला.

मीनल_मनीषनगर
वाचून दाखवलं. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल केलाय. त्यांना वाटलं होतं तुम्ही उद्याच येणार, म्हणून सदरा इस्त्री करायला सांगत होते.